सुगंधाबाईचे माहेर

धानोरा, १२ जून १९५६

कार्यालयाची नोंदवही वेगळी आहे आणि तिच्यात मला मत नाही. तिच्यात केवळ वजन, आहार आणि 'प्रकृती ठीक' एवढेच असावे, असा डॉ. पांढरीपांडे यांचा दंडक आहे. म्हणून ही दुसरी वही.

मॅट्रिकला मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आलेली, नागपुरास बी.एस्सी. झालेली, आणि तरीही दुकानात मीठ मागताना जिचा आवाज घशातच राहतो अशी मी, वच्छला बोरकुटे, आजपासून येथील साळिंदर-संशोधन केंद्राची तात्पुरती साहाय्यिका आहे. केंद्र म्हणजे एक कौलारू खोली, पडवी आणि अंगणातला एक पिंजरा. पिंजऱ्यात एक साळिंदराची मादी. बाहेर चौकीदार लटारूभाऊ आणि मी. राहायला जागा शेजारी, गुणाबाई सुईणींकडे.

बाबांनी चांद्याहून निघताना बजावले आहे: दिवाळीपर्यंत नेमणूक कायम झाली तर नोकरी करावी, न झाल्यास स्वतः न्यायला येतील आणि आरमोरीचे स्थळ पक्के करतील. स्थळाकडे दोन धानगिरण्या आणि एक मुलगा आहे. बाबा सांगताना गिरण्या आधी सांगतात.

१५ जून

डॉक्टरसाहेब जीपने येऊन, मला विषय समजावून, त्याच जीपने नागपुरास गेले. त्यांचा सिद्धान्त असा: या प्राण्याच्या मादीस दोन अंडाशय असतात खरे, परंतु बीज पिकते ते केवळ उजव्यात; डावा जन्मभर निद्रिस्त राहतो. हे सिद्ध करावयाचे तर गर्भिणी मादीचे उदर उघडून दोन्ही अंडाशय तपासले पाहिजेत. आमची मादी मे महिन्यात खड्ड्यात सापडली. ती एकटी आहे. तिचे आरोग्य सुधारले की तिच्यासाठी नर आणावयाचा, मग ती गर्भिणी व्हावयाची, मग उघडावयाची. योजना अतिशय तर्कशुद्ध आहे.

साळिंदर हा उंदराच्या कुळातला प्राणी आहे, हे मी लटारूभाऊंना सांगितले.

"एवढा उंदीर? मंग त्याची मांजर केवढी पायजे, बाई?"

याचे उत्तर माझ्याजवळच्या कोणत्याही ग्रंथात नाही.

मादीचे अधिकृत नाव 'मादी क्रमांक एक'. लटारूभाऊ तिला सुगंधाबाई म्हणतात. तिच्या अंगाला येणारा दर्प पाहता हा उपरोध असावा असे मला वाटले. परंतु नाही. "माह्या सासूचं नाव हाय. रागावली का अशीच फुगते."

४ जुलै

एक शास्त्रीय गूढ. मादीस आपण भोपळा, रताळी आणि भात देतो. तरीही तिच्या विष्ठेत मोहाच्या बिया आढळल्या. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना गावातल्या नूरुद्दीन मिस्त्रींनी केलेले लोखंडी गज आहेत, मागे जाड सागवानी फळी. मोहाचे झाड नाल्यापलीकडे. पुष्कळ विचारान्ती मी असा निष्कर्ष काढला की या बिया मे महिन्यापासून तिच्या आतड्यात राहिल्या असाव्यात. या प्रक्रियेस मी 'दीर्घपचन' असे नाव दिले आहे. पायांना चिखल कसा लागला याचा विचार उद्या करीन.

सायंकाळी मुखरू नावाचे शेतकरी तावातावाने आले. त्यांच्या वाडीतली मका पुन्हा आडवी झाली होती.

"सरकारनं सायाळ धरली म्हनते ना? मंग माही मका कोन खाऊन राह्यलं?"

"दुसरी असन," लटारूभाऊ शांतपणे म्हणाले. "जंगल का एका सायाळीच्या बापाचं हाय?"

मला उत्तर पटले. लटारूभाऊंची प्रकृती अलीकडे फार सुधारली आहे. गाल वर आले आहेत. त्यांच्या घरून रोज भोपळ्याच्या भाजीचा वास येतो. सरकारी भोपळाही त्याच जातीचा आहे, हा योगायोग.

२२ जुलै

पिंजऱ्यात दोन प्रकारचे काटे गळलेले मिळाले. काही नेहमीचे, काही त्यांहून लांब आणि जाड. ऋतूनुसार काटे बदलत असावेत. नोंदवहीत: प्रकृती ठीक.

११ सप्टेंबर

घाईने लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

वजन सतत वाढत होते. मी त्याचे श्रेय रताळ्यांना देत होते. आज गुणाबाई सहज अंगणात आल्या, कमरेवर हात ठेवून पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोटुशी हाय."

मी म्हटले, शक्य नाही. ती मे महिन्यापासून एकटी आहे.

"माह्या हातून अर्धा गाव जनमला, पोरी. मले पोट सांगते का?"

मी तत्काळ चौकशी केली. म्हणजे लटारूभाऊंना विचारले. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि आईची, बापाची व सासूची शपथ घेतली. नूरुद्दीन मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कडी तीनदा वाजवून दाखवली. "देखो बाई, माह्या पिंजऱ्यातून हवा जाते ना, ते बी पूछके जाते. माही कडी जशीच्या तशी हाय. बाकी कोनाची अक्कल ढिली असन तर मले माईत नाई." हे बोलताना ते लटारूभाऊंकडे का पाहत होते कळले नाही.

निष्कर्ष एकच उरतो. तो डॉक्टरांना पत्रात लिहिताना माझी मलाच भीती वाटली.

२५ सप्टेंबर

डॉक्टरांचे उत्तर आले. त्यांनी एकदाही मला चूक म्हटलेले नाही. उलट लिहितात की डावा अंडाशय निद्रिस्त आहे हे त्यांना ठाऊकच होते. परंतु उजवा इतका स्वावलंबी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. नराविना गर्भधारणा! देशाची दुसरी पंचवार्षिक योजना चालू असताना स्वावलंबनाचे हे उदाहरण जगापुढे गेलेच पाहिजे. ऑक्टोबरअखेर ते स्वतः येऊन मादीस नागपुरास नेतील आणि प्रसूतीपूर्वीच तिचे विच्छेदन करतील. "त्याच दिवशी आपली नेमणूक कायम करण्याची शिफारस माझ्या सहीने जाईल."

म्हणजे दिवाळीपूर्वी.

मी पत्र घेऊन पिंजऱ्यापाशी बसले. ती दोन पायांत रताळे धरून, मन लावून, एकेक बाजू कुरतडत खात होती. उदर दोन्ही बाजूंनी सारखेच फुगले आहे. उजवे कोणते, डावे कोणते, बाहेरून काहीच सांगता येत नाही.

६ ऑक्टोबर

माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती विद्वत्तेची आहे.

गुणाबाईंनी विचारले, साहेब हिच्यात काय शोधून राह्यला? मी उजव्या अंडाशयाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर बातमी होती की या सायाळीला फक्त उजवी कूस आहे, आणि उजवी कूस मुलाची, अर्थात तिला पोरगेच होणार. सूर्य डोक्यावर येईतो अंगणात गावातल्या चार गर्भवती आणि त्यांच्या सासवा हजर. त्यांना एकेक काटा हवा होता.

आम्ही चौघी बहिणी. माझ्या आईने डाव्या-उजव्याचे पुष्कळ ऐकले आहे. मला चीड यावयास हवी होती. परंतु ग्रंथ वाचलेल्या माणसाला बोलण्यासाठी एखादा विषय मिळाला की भान राहत नाही. मी सांगून गेले की आपल्या जुन्या शास्त्रातही गर्भिणीचा भांग साळिंदराच्या, तीन पांढरे पट्टे असलेल्या काट्याने पाडावा असे सांगितले आहे.

सासवा पुढे सरकल्या.

"पोथीत हाय?" गुणाबाईंनी विचारले.

"आहे."

"मंग जिच्या काट्यानं सगळ्याइची कूस भरते, तिची ओटी कोनी भरली?"

मी म्हटले, ती प्राणी आहे.

"हो ना. मुकी हाय. एकटी हाय. मानूस बी नाई तिच्याजवळ. पयलं बाळंतपन, अन् दारी आलेली पोर. आपनच नाई करन तं कोन करन?"

१४ ऑक्टोबर

आज सुगंधाबाईची ओटी भरली.

पिंजऱ्याच्या गजांना हिरव्या बांगड्या बांधल्या. तांदूळ, हळकुंड, नारळ आणि खणाचा तुकडा आत सरकवला. खण तिने प्रथम खाल्ला. भांग पाडण्याच्या वेळी मोठा पेच पडला, काटा हातात घेऊन गुणाबाई पिंजऱ्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "हिचा भांग कुठी पाडाव? अंगभर भांगच भांग हाय." अखेर काटा दुरूनच ओवाळला.

ओटी भरावयाची तर लेकीला माहेर पाहिजे. लटारूभाऊंना मूलबाळ नाही. त्यांना बापाच्या पाटावर बसवले तेव्हा ते प्रथम हसले, मग अचानक त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत मादी क्रमांक एकला म्हणाले, "काई कमी पडू देनार नाई, माय." आजपासून सरकारी भोपळा पुरा तिलाच मिळणार, असेही त्यांनी जाहीर केले. आजवर कोणाला मिळत होता, हे विचारण्याचा तो प्रसंग नव्हता.

डोहाळेही पुरवले जात आहेत. तिने टेबलाचा पाय मागितला, म्हणजे कुरतडला. तो देण्यात आला.

मी एका कोपऱ्यात उभी होते. मला ठाऊक आहे आणि गावाला ठाऊक नाही, की पंधरवड्याने डॉक्टर येतील. मी सांगावयास हवे होते. सांगितले नाही. लाजेमुळे नव्हे, नेमणुकीमुळे. हे वाक्य लिहून मी ते दोनदा वाचले.

२८ ऑक्टोबर

बाबांचे पत्र: दिवाळीला येतो. सामान बांधून ठेव किंवा नेमणुकीचा कागद काढून ठेव.

डॉक्टरांची तार: परवा येतो. मादी तयार ठेवा.

दोघांनाही माझ्याकडून काहीतरी तयार हवे आहे. मी संध्याकाळी गुणाबाईंना सगळे सांगितले: सुरी, उदर, नेमणूक, आरमोरी. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "तो तिले न्याले येऊन राह्यला?"

"होय."

"नेनारा कोन असते? सासरचा असते. येऊ दे. याह्यावानी आला तं याह्यावानी मान करू." याही म्हणजे व्याही. त्या उडीद भिजत घालायला उठल्या. मला वाटले, वयोमानाने त्यांना विषय समजला नसावा.

३० ऑक्टोबर

क्रमाने लिहिते, अन्यथा माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी जीप आली. डॉक्टर साहेबी टोपी घालून आणि हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन उतरले. अंगणात गावातल्या बायका दाटीने बसल्या होत्या. लटारूभाऊ धुतलेले धोतर आणि गुलाबी फेटा घालून उभे. गुणाबाईंच्या हाती परात आणि तांब्या.

"हा जमाव कशासाठी?"

"लेकीले न्याले आले ना? मंग पाय धुवा, याहीबुवा."

डॉक्टरांच्या बुटांत वाटेची माती गेली होती. पाण्याचा मोह झाला असावा. त्यांनी पाटावर बसून बूट काढले आणि पाय परातीत ठेवले. बायकांनी लगेच गाणे धरले:

"आला आला याही, डोईवर टोपला,
सुनेसाठी आनला लोखंडाचा डबला..."

"मिस बोरकुटे, हे काय चालले आहे?"

मी पिंजऱ्याची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"मादी आजच हवी," डॉक्टर लटारूभाऊंना म्हणाले.

"पयल्या बाळंतपनाची लेक माहेरातून कोन नेते, याहीबुवा? तुमच्यात नेते का?"

"आमच्यात? आमच्यातही पहिले बाळंतपण माहेरीच, पण हा प्रश्न..."

"मंग!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

"ती माझ्या योजनेची मादी आहे!"

"सासरचे असेच म्हनते," मागून कोणीतरी म्हणाले. "आमची सून, आमची सून. अन् बाळंतपनाचा वेळ आला का, धाडा माहेरी."

"बरं, याहीबुवा," गुणाबाईंनी विचारले, "पोरगा कुठी हाय तुमचा? तो काऊन नाई आला?"

डॉक्टरांचे डोळे चमकले. हा प्रश्न त्यांच्या विषयातला होता. ते पाटावरून अर्धवट उठले. "नर नाहीच! हाच तर शोध आहे! नराशिवाय गर्भधारणा झाली आहे!"

दोन म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावला. लटारूभाऊंचा चेहरा पडला.

"चारचौघांत असं नाई बोलाव, याहीबुवा," गुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "लेकीची अब्रू असते."

आणि डॉक्टर चक्क ओशाळले. ते म्हणाले, "तसा माझा हेतू नव्हता."

मग त्यांना स्वतःचाच राग आला असावा. माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस बोरकुटे, पिंजरा उघडा. शिफारसपत्र माझ्या खिशात आहे, सहीसकट. हा आपल्या नेमणुकीचा प्रश्न आहे."

किल्ली माझ्या हातात होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चारचौघांत मी कधी बोललेली नाही. वक्तृत्व स्पर्धेत माझे नाव कोणीतरी खोडसाळपणे घातले तेव्हा मी तापाने आजारी पडले होते. पिंजऱ्यात ती खणाची उरलेली चिंधी घेऊन बसली होती. पडवीत पान वाढलेले होते: भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, उडदाचे वडे, गुळाची खीर.

मी किल्ली कमरेला खोवली आणि म्हणाले, "आधी जेवून घ्या, डॉक्टरसाहेब. पान वाढले आहे."

हे वाक्य अंगणाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेले, असे मागाहून कळले.

डॉक्टर पहाटे नागपुराहून निघाले होते. वड्यांचा वास येत होता. ते बसले. त्यांनी पहिला वडा मोडून तोंडात घातला, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"खाल्लं! याहीबुवानं अन्न खाल्लं!"

येथील रीत अशी की लेकीच्या माहेरचे अन्न पोटात गेल्यावर व्याह्याला तिला नेण्याचा हट्ट धरता येत नाही. धरला तर तो सात गावांत खाल्लेल्या अन्नाला न जागणारा ठरतो. डॉक्टरांना हे चौथ्या वड्यानंतर सांगण्यात आले. त्यांनी पाचवा वडा पानात परत ठेवला. मला वाटले, आता स्फोट होणार.

"परंतु," ते अखेर म्हणाले, "बापाला फेटा आणि व्याह्याला काहीच नाही? ही कुठली रीत?"

गुणाबाईंनी जीभ चावली. चूक खरी होती. धावाधाव करून एक दुपट्टा आणि नारळ आणला. डॉक्टरांनी दुपट्टा उलटसुलट करून पाहिला, पोत हलका असल्याचे सुनावले, खिरीत गूळ कमी होता हेही सुनावले, आणि जीपमध्ये बसताना लटारूभाऊंना बजावले, "सव्वा महिन्याने न्यायला येईन. तेव्हा आमचा मान नीट झाला पाहिजे."

जीप हलली तेव्हा हत्यारांचा डबा पडवीतच राहिला होता. शिफारसपत्र मात्र त्यांच्या खिशातच गेले.

१ नोव्हेंबर

पहाटे सुगंधाबाई प्रसूत झाली. एकच पिल्लू. डोळे उघडे, काटे मऊ, केसांसारखे. गुणाबाईंनी गजांतून निरखून निकाल दिला: पोरगी.

"उजव्या कुशीची पोरगी!" त्या एवढ्या हसल्या की खाली बसल्या. काटे नेलेल्या चारही सासवांना निरोप गेला आहे. मी घरी आईला पत्र लिहिले; त्यात या एका ओळीखेरीज काही लिहिले नाही.

आजच आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. पिल्लू गर्भात आले एका राज्यात आणि जन्मले दुसऱ्यात. योजना कोणत्या राज्याची, हे कोणालाच सांगता येत नाही. वरून एक कागद आला आहे: "पुढील आदेश येईपर्यंत प्राणी जिवंत ठेवावा व साहाय्यिकेने त्याचे संगोपन करावे." खाली सही आहे, परंतु कोणाची ते वाचता येत नाही.

२ नोव्हेंबर, दिवाळी

सकाळी पिंजऱ्यापाशी गेले आणि थबकले. आत तीन प्राणी होते. सुगंधाबाई, तिच्या कुशीत पिल्लू, आणि पिल्लाच्या दुसऱ्या बाजूस एक थोरला, लांब-जाड काट्यांचा, चिखलाने माखलेला नर, गाढ झोपलेला. मागची सागवानी फळी बाजूला सरकली होती. तिच्या कडा वापरून गुळगुळीत झाल्या होत्या.

मी लटारूभाऊंकडे पाहिले. त्यांनी आभाळाकडे पाहिले.

"जावई आला, बाई," ते म्हणाले. "पयल्या दिवाळीले जावई येतेच."

"आणि याआधी?"

"याच्या आंदी बी येत होता. कधी हेच जात होती. म्या म्हनलं, चरून येते बापडी, सकाळी वापस येते. भोपळा वाचते." आणि मग घाईघाईने, "आता नाई वाचवत."

मोहाच्या बिया. चिखल. मुखरूंची मका. दोन प्रकारचे काटे. 'दीर्घपचन' या संज्ञेची आठवण होऊन माझे कान तापले. डॉक्टरांच्या पत्रानंतर रात्री जागून स्वावलंबी अंडाशयावर लिहिलेला माझा प्रबंध खोलीत दोऱ्याने बांधून ठेवला आहे. डॉक्टरांना सत्य कळवावेच लागेल, आणि त्यानंतर त्यांच्या खिशातले पत्र खिशातच राहील. पण गुणाबाई पिंजऱ्यापाशी उभ्या राहून विजयाने साऱ्या आळीला ऐकवत होत्या, "आला म्हना मानूस! आता बोला म्हना कोनी माह्या लेकीच्या अब्रूले!" नूरुद्दीन मिस्त्री येऊन, कडी वाजवून, "माही कडी जशीच्या तशी हाय" एवढेच म्हणाले आणि गेले.

दुपारी बैलगाडीतून बाबा उतरले. हातात रिकामी पेटी, माझ्या सामानासाठी.

"कागद आहे?" त्यांनी विचारले.

मी तो न वाचता येणारा कागद पुढे केला. बाबांनी चष्मा पुसून वाचला. "यात कायम कुठे लिहिलं आहे?"

"लिहिलेले नाही. पण संपली असेही लिहिलेले नाही."

"वच्छे, पेटी भर. आरमोरीचे लोक थांबायचे नाहीत."

मी उत्तर देणार तोच मागे भांड्याचा आवाज झाला. गुणाबाई परात घेऊन उभ्या होत्या. लटारूभाऊंच्या डोक्यावर पुन्हा गुलाबी फेटा.

"या, याहीबुवा," गुणाबाई म्हणाल्या. "पोरीले न्याले आले ना? पाय धुवा आंदी."

"व्याही? अहो, मी हिचा बाप आहे."

"असन ना. धुळीनं भरले ते पाय तं धुवा."

बाबांनी पाहिले, धूळ खरीच होती. त्यांनी वहाणा काढल्या. पडवीत पान वाढलेले होते, आणि या वेळी पाटाशेजारी नवा दुपट्टा आधीच घडी घालून ठेवलेला होता. बाबा पाटावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, म्हणाले, "हे वडे कशाचे?"

"उडदाचे," मी म्हणाले. आवाज चांगला मोठा होता. "गरम आहेत. घ्या ना, बाबा."

बाबांनी वडा मोडला.